भिंतीवरच्या चित्राचे प्रिंट काढून मदतनिधी उभारताना: कोणते काम आधी, कोणते नंतर

पूर येतो, दरड कोसळते, आणि आठवड्याभरात एखादा चित्रकारांचा गट जाहीर करतो: आमच्या भिंतीवरच्या चित्राचे प्रिंट घ्या, पैसे पूरग्रस्तांना जातील. चित्र चांगले असते, हेतूही स्वच्छ असतो. तरीही चार महिन्यांनी एखाद्या खरेदीदाराने ‘नेमके किती पैसे पोचले?’ असे विचारले, की गटातल्या कोणालाच आकडा सांगता येत नाही. पैसे कोणी खाल्लेले नसतात. कामांचा क्रम उलटा लागलेला असतो. आधी छापले, मग विकले, मग संस्था शोधली, आणि खर्च वजा जाता काय उरते ते सर्वांत शेवटी कळले.

हा लेख तो क्रम सरळ लावण्यासाठी आहे. भिंतीवरच्या एका चित्राची ५० ते १०० प्रतींची स्क्रीनप्रिंट आवृत्ती (ताणलेल्या जाळीतून एकेक रंग कागदावर उतरवून छापलेल्या ठरावीक प्रती) काढायची आणि त्यातून मानवतावादी कामासाठी निधी द्यायचा, एवढे काम गृहीत धरले आहे. एरवी छपाई करणाऱ्यांना यातला मधला भाग ओळखीचा वाटेल. त्यांनीही पहिले तीन टप्पे वगळू नयेत, कारण बहुतेक उपक्रम तिथेच फसतात.

वेळ किती लागेल? सहा ते आठ आठवडे धरा. आपत्तीच्या पहिल्या आठवड्यात प्रिंटची घोषणा करू नका. तेव्हा लोकांना पाणी, औषधे आणि रोख पैसे लागतात, ते थेट द्या. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि २०२१ मध्ये चिपळूण-महाडमध्ये पाणी काही दिवसांत ओसरले. पण घरे, दुकाने, शाळेची दप्तरे, शिलाई यंत्रे पुन्हा उभी करायला फार काळ लागला, आणि तोवर बातम्या थांबल्या होत्या. प्रिंटचा पैसा त्या दुसऱ्या टप्प्यासाठी योग्य असतो.

टप्पा १: पैसे कोणाकडे जाणार ते ठरवा

कागदाची चौकशीही करण्याआधी हे करा. संस्था नोंदणीकृत आहे का, तिचा नोंदणी क्रमांक काय, लेखापरीक्षण झालेले हिशेब ती दाखवते का, केंद्र सरकारच्या ‘एनजीओ दर्पण’ पोर्टलवर तिची नोंद आहे का, हे पाहा. मग तिच्याकडून एक साधे पत्र घ्या. तुमचा उपक्रम आम्हाला माहीत आहे, आमचे नाव वापरायला हरकत नाही, आणि येणारी रक्कम अमुक कामासाठी वापरली जाईल, एवढे त्यात असावे. संस्थेला न विचारता तिचे नाव पोस्टरवर टाकणे ही सर्रास होणारी चूक आहे. पुढे एखादी तक्रार आली तर त्याची झळ त्या संस्थेलाही बसते.

काम जितके नेमके लिहाल तितके चांगले. ‘पूरग्रस्तांसाठी’ एवढे पुरेसे नाही. ‘अमुक तालुक्यातल्या शाळांना वह्या-पुस्तके आणि बाके’ असे लिहिले तर पैसे पोचले का हे कोणालाही तपासता येते.

तुमचा गट नोंदणीकृत नसेल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागते. धर्मादाय कामासाठी लोकांकडून पैसे गोळा करायचे तर महाराष्ट्रात सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० चे कलम ४१क लागू होते. गणेश मंडळे वर्गणीसाठी धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून परवानगी घेतात ती याच कलमाखाली. प्रिंटची विक्री आणि वर्गणी यांतली रेषा पुसट आहे, म्हणून आपल्या बाबतीत परवानगी लागते का हे आधीच विचारून घ्या. मला सर्वांत सुटसुटीत वाटणारा मार्ग असा: विक्री नोंदणीकृत संस्थेच्या नावाने करायची, किंवा देणगीचा भाग खरेदीदाराने थेट संस्थेच्या खात्यात भरायचा. छोट्या गटाला संस्थाच सापडत नसेल तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी हाही पर्याय आहे.

सावध: ‘८०जीची करसवलत मिळेल’ असे, म्हणजे देणगीवर प्राप्तिकरात सूट मिळेल असे, जाहिरातीत लिहू नका. खरेदीदाराला पैशाच्या बदल्यात वस्तू मिळते आहे, त्यामुळे सगळी रक्कम देणगी ठरत नाही. पावती कोणत्या रकमेची द्यायची हे संस्थेच्या सीएने लेखी सांगितल्याशिवाय शब्द देऊ नका.

परदेशातल्या मराठी मंडळींकडून पैसे येणार असतील तर जास्त काळजी घ्या. भारतीय पासपोर्ट असलेल्या अनिवासी भारतीयाने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत दिलेली देणगी परदेशी अंशदान मानली जात नाही. ज्यांनी अमेरिकेचे किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतले आहे त्यांची देणगी मात्र परदेशी ठरते, मग त्यांच्याकडे ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असले तरीही. अशी देणगी फक्त एफसीआरए (परदेशी अंशदान नियमन कायदा) नोंदणी असलेली संस्था घेऊ शकते, आणि ती स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या ठरलेल्या खात्यातच यावी लागते. न्यू जर्सीतल्या आपल्या मावशीने प्रेमाने पाठवलेले पैसेसुद्धा याला अपवाद नाहीत.

तपासणी: संस्थेचे पत्र हातात आहे? नोंदणी क्रमांक आहे? पैसे कोणत्या खात्यात येणार हे ठरले आहे? गटातल्या कोणाच्या वैयक्तिक यूपीआयवर पैसे घ्यायचे ठरले असेल, तर हा टप्पा अजून झालेला नाही.

टप्पा २: चित्राचा हक्क आणि चेहऱ्याची संमती

भिंत रस्त्यावर आहे म्हणून चित्र सर्वांचे झाले, हा समज चुकीचा आहे. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ५२ मध्ये सार्वजनिक जागी कायम असलेल्या शिल्पांची चित्रे-छायाचित्रे काढायला सूट आहे. रंगवलेल्या चित्रांचा तिथे तसा उल्लेख नाही. २०२३ मध्ये मुंबईतल्या ‘ह्यूमॅनिटी’ या भित्तिचित्राचा एका विमा कंपनीने जाहिरातीत वापर केला, तेव्हा भित्तिचित्रांचे उपक्रम राबवणारी स्टार्ट इंडिया फाउंडेशन ही संस्था दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयाने त्या पोस्ट समाजमाध्यमांवरून काढायला लावल्या. तुमचा हेतू परोपकाराचा असला तरी परवानगीची गरज संपत नाही.

परवानगी कोणाची? बहुतेक वेळा चित्रकाराची. पण महापालिकेने, कंपनीने किंवा एखाद्या महोत्सवाने मोबदला देऊन चित्र काढून घेतले असेल आणि करारात वेगळे काही म्हटले नसेल, तर कलम १७ नुसार पहिला हक्क पैसे देणाऱ्याचा ठरू शकतो. म्हणून चित्रकाराला पहिला प्रश्न हा विचारा: ‘या भिंतीचे पैसे कोणी दिले होते, आणि कागद काय झाला होता?’ भिंतीचा फोटो दुसऱ्या कोणी काढलेला असेल तर त्या छायाचित्रकाराचीही लेखी परवानगी घ्या.

करार एका पानाचा असला तरी चालेल, पण त्यात पुढील गोष्टी असाव्यात: प्रिंटचा आकार, विक्रीच्या प्रतींची संख्या, चित्रकाराच्या प्रती, कोणत्या कामासाठी, किती तारखेपर्यंत विक्री, चित्रकाराला मानधन आहे की नाही, आणि काम संपल्यावर डिजिटल फाइल कोणाकडे राहणार. मुदत आणि प्रदेश लिहिला नाही तर कायदा स्वतःच पाच वर्षे आणि भारतापुरते असे गृहीत धरतो. तुमच्या उपक्रमाला पाच वर्षे नको आहेत, चार महिने हवे आहेत. ते स्पष्ट लिहा.

मानधनाबद्दल माझे मत ठाम आहे. चित्रकाराला ‘चांगल्या कामासाठी आहे’ म्हणून फुकट राबवू नका. त्याने स्वतःहून नाकारले तर वेगळी गोष्ट, पण प्रस्ताव ठेवलाच पाहिजे.

चित्रात खऱ्या माणसाचा चेहरा असेल तर त्या माणसाची संमती घ्या, मूल असेल तर आईवडिलांची. भिंतीवर चेहरा रंगवायला दिलेली परवानगी ही तो चेहरा विकायला दिलेली परवानगी नव्हे. पुन्हा जाऊन विचारा आणि प्रिंट दिवाणखान्यात टांगला जाणार आहे हे नीट समजावून सांगा. छातीएवढ्या पाण्यात उभ्या असलेल्या बाईचा हताश चेहरा चांगला खपेल असे कोणी सुचवले तर दुसरे चित्र निवडा.

टप्पा ३: संख्या, किंमत आणि दिलेला शब्द

डिसेंबर २०२२ मध्ये बँक्सी या ब्रिटिश भित्तिचित्रकाराने युक्रेनमधल्या मदतकार्यासाठी एक आवृत्ती काढली. खोक्यावरच्या ‘फ्रॅजाइल’ या शब्दावरून घसरत जाणारा उंदीर असे चित्र होते. प्रती ५०, किंमत प्रत्येकी ५,००० पौंड, पैसे लेगसी ऑफ वॉर फाउंडेशन या संस्थेला. मागणी दहा लाखांच्या वर गेली, तरी प्रती ५०च राहिल्या. आपल्यापैकी कोणाची मागणी तिथवर जाणार नाही, पण पद्धत घेण्यासारखी आहे. संख्या, किंमत आणि संस्था या तिन्ही गोष्टी विक्रीपूर्वी जाहीर होत्या.

आता आपला हिशेब. खालचे आकडे पद्धत दाखवण्यासाठी धरलेले आहेत. तुमच्या गावातले दर विचारून तुमचे आकडे भरा. कर आणि चित्रकाराचे मानधन यात धरलेले नाही. जीएसटी नोंदणी लागते का आणि दर कोणता, हे सीएला विचारून वर मिळवा.

समजा विक्रीच्या प्रती ७५, चार रंग, किंमत २,५०० रुपये. खराब होणारे कागद आणि चित्रकाराच्या प्रती धरून ९५ कागद लागतील. कागद ११० रुपयांप्रमाणे १०,४५० रुपये. चार फ्रेम (जाळी ताणलेल्या चौकटी, प्रत्येक रंगाला एक) ९०० रुपयांप्रमाणे ३,६०० रुपये. छपाई एका रंगाच्या एका हाताला, म्हणजे एका कागदावर एक रंग एकदा छापायला, २५ रुपये; चार रंगांचे ९५ कागदांना मिळून ९,५०० रुपये. असा एकूण ठरीव खर्च २३,५५० रुपये. याशिवाय प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे नळी आणि पॅकिंग ११०, कुरिअर १४०, ऑनलाइन पैसे घेण्याचा आकार ५९, मिळून ३०९ रुपये.

सगळ्या ७५ प्रती विकल्या तर एका प्रतीचा खर्च ६२३ रुपये पडतो आणि १,८७७ रुपये उरतात. इथेच बहुतेक गट ‘प्रत्येक प्रिंटमागे १,८०० रुपये देऊ’ असे जाहीर करून मोकळे होतात. पण ४० प्रतीच विकल्या गेल्या तर? तोच ठरीव खर्च ४० प्रतींवर पडतो, एका प्रतीचा खर्च ८९८ रुपयांवर जातो आणि हातात १,६०२ रुपये उरतात. दिलेला शब्द मोडला.

म्हणून उलट बाजूने मोजा. १,५०० रुपयांचा शब्द दिला तर प्रतीमागे ठरीव खर्चासाठी ६९१ रुपये उरतात, आणि ३५ प्रती विकल्या की २३,५५० रुपये भरून निघतात. अर्ध्याहून कमी विक्री झाली तरी शब्द टिकतो. सगळ्या विकल्या गेल्या तर ठरलेले १,१२,५०० रुपये आणि वर उरलेले २८,२७५ रुपये, असे १,४०,७७५ रुपये संस्थेला जातात. कमी कबूल करून जास्त देणे हाच इथे प्रामाणिक मार्ग आहे.

जाहिरातीतले वाक्य साधारण असे असावे: ‘प्रत्येक विकलेल्या प्रतीमागे किमान १,५०० रुपये अमुक संस्थेला अमुक तारखेपर्यंत दिले जातील. खर्च वजा जाता त्याहून जास्त रक्कम उरल्यास तीही त्याच संस्थेला दिली जाईल.’

सावध: ‘सर्व उत्पन्न’, ‘नफ्याचा मोठा वाटा’, ‘विक्रीतील काही भाग’ हे शब्दप्रयोग टाळा. सर्व उत्पन्न म्हणजे २,५०० की १,८७७? वाचणारा पहिला अर्थ घेतो, छापणाऱ्याच्या मनात दुसरा असतो. रुपयात आकडा लिहिला की हा घोळ उरत नाही.

चित्रकाराच्या प्रती, ज्यांना छापखान्यात एपी म्हणतात, साधारण दहा टक्क्यांच्या आत ठेवा आणि त्यांची संख्याही जाहीर करा. ७५ ची आवृत्ती आणि २५ एपी असे असेल तर ती १०० ची आवृत्ती झाली.

टप्पा ४: भिंतीवरून कागदावर

नुसता भिंतीचा फोटो छापणे म्हणजे आवृत्ती नव्हे. भिंतीला खिडक्या असतात, पाण्याचे पाइप असतात, पोपडे असतात. बांद्र्यात एमटीएनएलच्या इमारतीवर रणजित दहिया यांनी रंगवलेले दादासाहेब फाळके रस्त्यावरून भव्य दिसतात, कारण अख्खी इमारत त्या चित्राचा भाग आहे. तीच गोष्ट दीड फुटाच्या कागदावर आणायची तर चित्रकाराला चित्र नव्याने मांडावे लागते. काय गाळायचे आणि काय ठेवायचे हे त्यानेच ठरवावे.

फोटो ढगाळ हवेत किंवा सकाळी लवकर घ्या. कॅमेरा भिंतीशी समांतर ठेवा, शक्य तितके मागे जाऊन झूम करा, आणि एका फोटोत रंगांची पट्टी धरा म्हणजे पुढे रंग जुळवता येतील.

स्टेन्सिलने (कापून काढलेल्या साच्याने) केलेले चित्र स्क्रीनप्रिंटला फार सोयीचे पडते, कारण प्रत्येक स्टेन्सिल म्हणजे एक रंग, एक फ्रेम. स्प्रेच्या मऊ छटा हव्या असतील तर हाफटोन करावा लागतो, म्हणजे छटा लहान-मोठ्या ठिपक्यांत बदलावी लागते. नवख्या गटाने इंचाला ४५ रेषांपेक्षा बारीक हाफटोन घेऊ नये, ठिपके भरून येतात. रंग तीन किंवा चारवर थांबवा. प्रत्येक वाढीव रंगाबरोबर खराब होणारे कागद वाढतात.

सेपरेशन करताना, म्हणजे प्रत्येक रंगाचा भाग वेगळा काढताना, फिका रंग गडद रंगाखाली अर्धा ते एक मिलिमीटर सरकवून ठेवा. नाहीतर दोन रंगांच्या मध्ये कागदाची पांढरी फट दिसते, आणि ती छापताना दुरुस्त करता येत नाही.

टप्पा ५: कागद, चाचणी प्रत, छपाई

या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्या.

कागद आम्लविरहित आणि सुती असावा, ३०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) आसपास. पुण्याच्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणचा हातकागद सुंदर दिसतो आणि माझ्या मते अशा कामाला शोभतोही, पण त्याच्या कडा सरळ नसतात आणि जाडी थोडी कमी-जास्त असते. कडेला टेकवून रजिस्ट्रेशन (प्रत्येक रंग आधीच्या रंगावर नेमक्या जागी बसवणे) करायला गेलात तर दुसऱ्याच रंगाला चित्र सरकेल. दोन बाजू सरळ कापून घ्या, किंवा कागदाला मागून पट्टी चिकटवून पिनेवर बसवा. कागद शाई फार शोषतो का हे एका तुकड्यावर आधी पाहा.

हवा हा कोकणात आणि मुंबईत मोठा शत्रू आहे. दमट हवेत सुती कागद फुगतो. सकाळी पहिला रंग, दुपारी पाऊस, संध्याकाळी दुसरा रंग असे केले तर एक-दीड मिलिमीटरचा फरक सहज पडतो. कागद छपाईच्या खोलीत किमान दोन दिवस आधी मोकळा रचून ठेवा, सगळे रंग एकाच खोलीत छापा, आणि जमले तर पावसाळ्याचे चार महिने टाळा.

कागदासाठी ९०टी ते १२०टीची (सेंटिमीटरला ९० ते १२० धाग्यांची) जाळी घ्या. बारीक काम असेल तर १२०टी. फ्रेम आणि कागद यांत दोन-तीन मिलिमीटर अंतर हवे, म्हणजे स्क्वीजी (शाई ओढायची रबरी पट्टी) पुढे गेली की जाळी मागून सुटते आणि कड स्वच्छ येते. पाण्यावर आधारित शाई वापरत असाल तर ती जाळीत वाळते, म्हणून प्रत्येक हातानंतर जाळीवर शाईचा पातळ थर ओढून ठेवा. जेवायला जाताना फ्रेम धुऊनच जा.

रंगांचा क्रम: मोठे सपाट फिके भाग आधी, मग मधले रंग, रेषा आणि काळा शेवटी.

आता चाचणी प्रत. सगळे रंग आवृत्तीच्याच कागदावर एकदा पूर्ण छापा. चित्रकाराने ती पाहून ‘याप्रमाणे छापा’ असे लिहून सही करावी. ही मंजूर प्रत छपाईच्या टेबलासमोर भिंतीला लावा आणि दर दहाव्या कागदाला तिच्याशी ताडून पाहा. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून घेतलेली मंजुरी ही मंजुरी नव्हे. फोनच्या पडद्यावर दिसणारा लाल आणि कागदावरचा लाल वेगळे असतात.

तपासणी: पहिला रंग छापून झाल्यावर कागद मोजा. ७५ अधिक ७ एपी, म्हणजे ८२ चांगल्या प्रती शेवटी हव्या आहेत. दुसऱ्या रंगानंतरच ८५ वर आला असाल तर थांबा आणि रजिस्ट्रेशन का बिघडते आहे ते शोधा. शेवटी प्रती कमी भरल्या तर आवृत्तीची संख्या कमी करा. कच्च्या प्रती आत घुसवू नका.

डिजिटल प्रिंट काढणार असाल तर तेही चालते, फक्त ते डिजिटल आहे असे लिहा. पिगमेंट शाईच वापरा, साध्या डाय शाईचे रंग उडतात. डिजिटल फाइलमधून पुन्हा कितीही प्रती निघू शकतात, त्यामुळे ‘या आकारात आणि इतर कोणत्याही आकारात पुन्हा छापणार नाही’ असे लेखी देणे तिथे जास्त महत्त्वाचे असते.

टप्पा ६: क्रमांक, सही, नोंदवही

प्रती पूर्ण वाळल्यावर, म्हणजे किमान एक दिवस उलटल्यावर, एकेक प्रत उजेडात पाहा. नापास प्रती लगेच फाडा किंवा त्यांवर आडवी रेघ मारा. ‘मित्राला देऊ’ म्हणून ठेवलेली सही नसलेली प्रत वर्षभराने कुठेतरी विक्रीला दिसते आणि ७५ जणांचा विश्वास जातो.

क्रमांक चित्राखाली डावीकडे १/७५ असा, मधे शीर्षक, उजवीकडे सही. सगळे शिसपेन्सिलीने, एचबी किंवा २बी. बॉलपेनची शाई फिकी होते, जेलपेन पसरते. कमी क्रमांक म्हणजे चांगली प्रत असे काही नसते, खरेदीदारांनाही तसे सांगा. क्रमांक आणि सही एकाच बैठकीत करा आणि प्रत्येक क्रमांक त्याच क्षणी नोंदवहीत लिहा. एकच क्रमांक दोनदा पडणे ही चूक नेहमी दोन बैठकांत काम विभागल्याने होते.

प्रमाणपत्रात चित्राचे नाव, क्रमांक, आकार, कागद, छपाईची पद्धत, तारीख आणि संस्थेचे नाव असावे. बँक्सीच्या कामांची खातरजमा करणारे पेस्ट कंट्रोल हे कार्यालय प्रमाणपत्राला एका बनावट दहा पौंडांच्या नोटेचा फाटका अर्धा तुकडा जोडते आणि दुसरा अर्धा स्वतःकडे ठेवते. दोन्ही जुळले तर काम खरे. तुम्हालाही हे सहज करता येईल. खराब झालेल्या प्रतीचे तुकडे फाडा, अर्धा प्रमाणपत्राला, अर्धा नोंदवहीत चिकटवा.

टप्पा ७: विक्री

‘पहिला येईल त्याला’ ही पद्धत वापरू नका. चांगले नेट असलेल्यांना आणि तुमच्या ओळखीच्यांनाच प्रती मिळतात, आणि दोघांनी एकाच क्षणी पैसे भरले तर ७५ च्या जागी ७८ जणांचे पैसे येतात. नावे नोंदवून घ्या, तीन दिवस द्या, एका व्यक्तीला एकच प्रत. नावे ७५ पेक्षा जास्त आली तर संस्थेच्या प्रतिनिधीसमोर चिठ्ठ्या काढा आणि प्रतीक्षायादीही त्याच वेळी काढा. निवड झालेल्यांना पैसे भरायला ४८ तास. नाही भरले तर यादीतला पुढचा.

‘माझ्यासाठी एक बाजूला ठेव’ असे निरोप येतील. सगळ्यांना एकच उत्तर: अर्ज भरा. चित्रकाराच्या काकांनाही तेच.

विक्रीच्या पानावर किंमत, रुपयातला देणगीचा आकडा, आकार, कागद, पद्धत, एकूण प्रती, एपी, संस्थेचे नाव आणि नोंदणी क्रमांक, पाठवण्याची तारीख, आणि प्रत वाटेत खराब झाली तर काय, हे सगळे असावे. फ्रेम केलेला फोटो टाकत असाल तर फ्रेम मिळणार नाही हेही लिहा. यावरून होणारी भांडणे टाळता येतात.

टप्पा ८: पॅकिंग आणि पाठवणी

३०० जीएसएमचा कागद तीन इंचांपेक्षा बारीक नळीत घालू नका, चार इंच असेल तर उत्तम. प्रत आधी बटर पेपरमध्ये, मग प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून, मग नळीत. जाड हातकागद गुंडाळू नका, दोन कडक पुठ्ठ्यांत सपाट पाठवा. शाई पूर्ण वाळलेली नसताना प्लास्टिकमध्ये बंद केली तर बटर पेपर चिकटून येतो, म्हणून सही झाल्यावर आठवडाभर प्रती मोकळ्या ठेवा.

प्रत्येक नळी बंद करण्याआधी आतला क्रमांक, प्रमाणपत्राचा क्रमांक आणि पत्त्याची चिठ्ठी हे तिन्ही दुसऱ्या माणसाने मोठ्याने वाचावेत.

प्रत खराब पोचली तर खराब प्रत परत मागवा, ती नष्ट करा, नोंदवहीत लिहा आणि एपीमधून बदली द्या किंवा पैसे परत करा. त्याच क्रमांकाची नवी प्रत छापायची नाही. हरवली असेल तर पैसेच परत करा, कारण हरवलेली प्रत उद्या सापडू शकते. यासाठीच टप्पा ३ मधल्या वरच्या २८,२७५ रुपयांना शेवटची पाठवणी होईपर्यंत हात लावू नका.

टप्पा ९: पैसे, हिशेब, फ्रेम

ठरलेली किमान रक्कम विक्री बंद झाल्यापासून सात दिवसांत बँकेमार्फत पाठवा आणि पावती घ्या. वरची रक्कम शेवटचे पार्सल पोचल्यावर. ‘कार्यक्रम ठेवून मोठा चेक देऊ’ म्हणून महिनाभर थांबू नका. संस्थेला पैसे आत्ता हवे असतात आणि फोटोची गरज फक्त तुम्हाला असते.

हिशेब एका पानाचा असू द्या: किती कागद घेतले, किती खराब झाले, किती विकले, किती एपी आणि ते कोणाकडे, जमा रक्कम, प्रत्येक खर्च, दिलेली रक्कम, तारीख आणि संस्थेची पावती. खरेदीदारांची नावे, फोन नंबर किंवा खाते क्रमांक यात येऊ देऊ नका. हे पान ज्या जागी विक्रीची घोषणा केली होती त्याच जागी टाका आणि प्रत्येक खरेदीदाराला वेगळे पाठवा. धर्मादाय कार्यालयाची परवानगी घेतली असेल तर तिथेही हिशेब द्यावा लागतो.

प्रती उरल्या असतील तर त्या किती आणि त्यांचे काय करणार हे याच पानावर लिहा. किंमत उतरवून विकू नका, आधी पूर्ण किंमत देणाऱ्यांवर तो अन्याय होतो. संस्थेला पुढच्या कार्यक्रमात विकायला द्या किंवा करारातली मुदत संपेपर्यंत विक्री चालू ठेवा.

छपाईच्या फ्रेम धुऊन इमल्शन (जाळीवरचा चित्राचा थर) काढून टाका आणि ज्यांवरून फ्रेम तयार केल्या त्या पॉझिटिव्ह फिल्मवर आडवी रेघ ओढून त्या चित्रकाराकडे द्या. डिजिटल फाइल करारात ठरली असेल त्याच्याकडेच राहील. छापखान्याच्या संगणकावरची प्रत पुसली का हे तिथे जाऊन पाहा. नोंदवही, करार, संमतिपत्रे आणि पावत्या एका फाइलमध्ये घालून गटातल्या एका माणसाच्या नावावर ठेवा. त्याचा संपर्क प्रमाणपत्राच्या मागे छापलेला असेल तर दहा वर्षांनी प्रत विकत घेणाऱ्यालाही ती खरी आहे का हे विचारता येईल.